डाव्या पायाचा बूट

३ नोव्हेंबर

चिमट्याने आजही खाल्लं नाही. वाटी दाराशी होती तशीच. भात वाळून चिकटला होता, खरवडून टाकला.

पलंगाखाली ताईचा जुना बूट घेऊन बसतो. डाव्या पायाचा, जाड तळाचा. उजव्याला तोंडही लावत नाही. काढून घ्यायला गेले तर गुरगुरला. एवढासा जीव, भाजीच्या पिशवीत मावेल, आणि मला दात दाखवतो! कुत्रा ताईचा. मला कधीच नको होता. एकदा धरलं की सोडत नाही म्हणून तिनेच 'चिमटा' नाव ठेवलं.

बुटाचा तळ एका बाजूने पार झिजलाय. लहानपणीच्या दुखण्यात ताईचा डावा पाय आखूड राहिला, त्यामुळे बूट मापाने शिवून घ्यावे लागत. नवा जोड उन्हाळ्यातच सांगितला होता. बूटवाला रखडवत राहिला. आज ट्रायल, पुढच्या आठवड्यात पुन्हा ट्रायल. ती तशीच झिजलेल्या बुटात लंगडत राहिली. मला म्हणायची, "फार ढिला माणूस आहे गं. तू एकदा जा आणि चांगला फैलावर घे त्याला." मी कुणाला फैलावर घेणार? दुकानदाराने चुकीची वस्तू दिली तरी मी तीच घेऊन घरी येते.

नवा बूट पायात न घालताच गेली. त्या माणसाचा फार राग येतो. राग यायला कुणीतरी आहे हे बरंच आहे.

४ नोव्हेंबर

दादाचा फोन. तीस तारखेला सामानाची गाडी पाठवतो म्हणाला.

"एकटी काय करणार आहेस तिथे?"

खरंच, काय करणार आहे? हो म्हटलं.

मागून वहिनी— "मागची खोली रिकामीच आहे. आणि मलाही घरात एक हात हवाच आहे. कुत्रं मात्र नको हं! मला नुसतं बघून शिंका येतात."

तर महिनाभरात दातांच्या लॅबची नोकरी सोडायची, घर सोडायचं, कुत्रा कुणाला तरी द्यायचा. ऐकताना सगळं सोपं वाटलं. मला कशाचंच काही वाटत नाही, त्यामुळे सोपंच आहे.

५ नोव्हेंबर

चहा आजही दोन कप केला.

६ नोव्हेंबर

लॅबमधून आल्यावर कुत्र्याला बाहेर न्यावं लागतं. पूर्वी दुपारी ताई न्यायची. मी आपली कोपऱ्यापर्यंत नेते आणि आणते. आज कोपऱ्यावर त्याने चारही पाय रोवले. ओढलं तरी हलेना. माणसं बघायला लागली. लाज वाटून मीच त्याच्या मागे गेले. केवढी ओढ त्या टीचभर प्राण्याला! दोन गल्ल्या, मग शाळेची भिंत, मग सायकलच्या दुकानापासून आत. एका बंद दाराशी जाऊन बसला. काचेवर बुटाचं चित्र.

तिथून उठेना. शेवटी काखेत मारून आणला. वाटभर मागे बघत होता.

त्या माणसाचं दुकान. बंद असल्याचं बरंच वाटलं. काय बोलले असते?

८ नोव्हेंबर

आज दुकान उघडं होतं.

मी दारातूनच काय ते बोलणार होते. पण चिमटा दोरीसकट आत शिरला, म्हणून जावं लागलं. कातड्याचा आणि डिंकाचा वास. भिंतीवर लाकडाचे पाय टांगलेले, शेकडो. एक माणूस बाकावर वाकून टाच घासत होता. पन्नाशीचा असेल, चष्मा कपाळावर. त्याने वर बघायच्या आधी खाली बघितलं. चिमटा दिसला आणि चेहरा एकदम फुलला.

"आलं का गाठोडं! आणि बाई कुठे आहेत? रागावल्या का आमच्यावर? इतके दिवस फिरकल्या नाहीत."

मी फैलावर घ्यायचं ठरवून गेले होते. पण त्यांना माहीतच नव्हतं. सांगणार कोण? मीच सांगायला हवं होतं.

म्हटलं, "मी त्यांची बहीण. ताई गेली. मागच्या महिन्यात."

त्यांच्या हातातलं घासायचं यंत्र चालूच राहिलं. नुसतं घरघरत. मग त्यांच्या लक्षात आलं, बंद केलं.

आतून एका म्हातारीचा आवाज— "कोण आलंय रे? धाकटी का?"

"आई, नंतर."

"अरे, धाकटी असेल तर बसव की तिला!"

"आई, जरा गप्प बस!"

मग मला खुर्ची दिली. कसं झालं ते विचारलं. दुपारी, खुर्चीत बसल्या बसल्या— मी कामावर होते— कुत्रा भुंकत राहिला म्हणून शेजारच्यांनी दार उघडलं. एवढंच सांगता आलं. त्यांनी आणखी विचारलं नाही. हे बरं केलं.

चिमटा मांडणीखाली जाऊन एका बुटाला नाक लावून बसला होता. नवा, तपकिरी, डाव्या पायाचा, जाड तळाचा. चकचकीत. ट्रायलच्या वेळी ताई तो पायात घालायची, तिचा वास लागला असणार.

"तयार आहे की हा," मी म्हटलं.

"बरेच दिवस झाले." ते खालीच बघत होते. "घेऊन जाताय?"

"नको. काय करू?"

"मग राहू दे इथेच."

घरी येताना डोक्यात तेच. बरेच दिवस तयार होता, तर दिला का नाही?

१० नोव्हेंबर

लॅबमध्ये मालक म्हणाले, "जाण्याआधी तुमचं कपाट तेवढं मोकळं करून ठेवा." दवाखान्यांतून तोंडाचे ठसे येतात, त्यावरून आम्ही प्लास्टरची तोंडं ओततो आणि त्यांवर कवळ्या बसवतो. काम झालं की ती तोंडं थोडे दिवस ठेवायची, मग हातोडीने फोडून टाकायची. जागा किती पुरणार? आजवर माझ्या हाताने हजारो फोडली असतील. माणसं कधी दिसत नाहीत, तोंडंच दिसतात. रस्त्यात कुणी हसलं तर मी त्याला ओळखते, तो मला ओळखत नाही.

कपाटात मागे एक ताईचं होतं. तिचा एक दात मीच करून दिला होता, तेव्हाचं. डावीकडचा सुळा वाकडा, बाहेर आलेला. लहानपणी त्यावरून तिला चिडवलं की ती तोच दाखवून मला घाबरवायची.

हातोडी घेतली. परत ठेवली.

फडक्यात गुंडाळून पिशवीत घातलं. घरी रेडिओशेजारी ठेवलंय. तिचं एवढंच जसंच्या तसं उरलंय. फोटोत ती तोंड मिटून असते.

१२ नोव्हेंबर

पाऊसही नाही, ऊनही नाही. कुत्रा पुन्हा उपाशी.

१३ नोव्हेंबर

चिमट्याला तिथेच द्यावं असं ठरवून दुकानात गेले. तिथे तरी तो ओळखीच्या बुटाजवळ बसेल. बूटवाल्यांना विचारलं. लगेच हो म्हणाले नाहीत.

"तुम्ही जाताय कुठे?"

"दादाकडे. तीस तारखेला. कायमची."

"अच्छा." टाचेला खिळा ठोकला. वाकडा गेला. उपटला, दुसरा घेतला. तोही वाकडा गेला. "ठेवू की. अडचण काही नाही. पण त्याला तुमची सवय झालीय."

"माझी? तो माझ्यावर गुरगुरतो!"

"आमच्या आईची मला पन्नास वर्षांची सवय आहे. ती काय करते असं वाटतं तुम्हाला?"

आतून— "मला ऐकू येतं रे!"

मग ते उठले आणि भिंतीवरून एक लाकडाचा पाय काढून माझ्या पुढ्यात ठेवला. ज्यांचे बूट मापाने शिवतात त्यांचा असा पाय करून ठेवतात, त्याला फर्मा म्हणतात. दर वेळी त्यावरच शिवायचं. गिऱ्हाईक गेलं की खरं तर तो तासून दुसऱ्यासाठी वापरायचा असतो. लाकूड चांगलं असतं.

"त्यांचा. डावा. तासवत नाही."

मी हात लावला. अंगठ्याजवळचं ते हाड. चवड्याचा तो बाक. तिच्या पायाला तेल चोळताना माझ्या हाताखाली यायचं तेच. एकदम तोंडातून निघून गेलं—

"माझ्याकडे तिचे दात आहेत."

ते बघतच राहिले. मला वाटलं, आता काय समजतील हे! मग घाईघाईने कामाचं सांगितलं, प्लास्टरचं, कपाटाचं, सगळं. एवढं एका दमात मी कित्येक वर्षांत बोलले नसेन.

ते म्हणाले, "म्हणजे आपण दोघं बसलो तर बाई डोक्यापासून पायापर्यंत पुऱ्या होतील की."

आणि मी हसले. मोठ्याने! चिमटा दचकून भुंकला. ते हसले. त्यांचा खालचा एक दात जरा मागे आहे, बाकी स्वच्छ.

१४ नोव्हेंबर

काल हसले त्याची शरम वाटते. महिना कुठे झालाय! दिवसभर मान वर केली नाही. मेण कोरताना हात चुकला, तीन दात पुन्हा बसवावे लागले.

ताई असती तर म्हणाली असती, "हसलीस तर हसलीस, कर भरावा लागत नाही त्यावर." पण ती नाहीच. नाही म्हणजे नाही. हे वाक्य रोज नव्याने कळतं.

१७ नोव्हेंबर

चिमटा आता त्यांच्या हातून दूध-पाव खातो. माझ्यासमोर, माझ्याकडे बघत बघत, मुद्दाम! खाऊ दे. म्हणून रोज न्यायला लागले.

आज आजींनी आत बोलावलं. बूटवाल्यांची आई. तोंडाचं पार बोळकं. बरणीतून कवळी काढून माझ्यापुढे आपटली.

"तू दातवाली ना? हे बघ काय दिलंय मला. आले की घरभर खटखट करतात, आणि खायला बसलं की हेच आधी निघून जातात. पाहुणे मेले!"

हातात घेतली आणि ओळखली. हिरडीच्या कडेला मी नखाने एक बारीक रेघ ओढते, ती होती. माझंच काम. ठसाच नीट नव्हता आला, ते तेव्हाही कळलं होतं. म्हटलं, "आजी, ही मीच केलीय."

"तूच का ती! मग तूच खा."

बूटवाले दारात उभे राहून हसत होते. आजींना म्हणाले, "अगं, निदान आधी चहा विचार, मग शिव्या दे."

"तू विचार की. चार दिवसांपासून कप घासून ठेवलायस तो काय मला दाखवायला?"

ते एकदम आत गेले. बराच वेळ बाहेर आलेच नाहीत. मग चहा आला, साखर विसरलेला. आम्ही दोघांनी तो तसाच घेतला.

कवळी दुरुस्तीला घेऊन आले. हा माणूस समोरच्याच्या आधी पायाकडे बघतो, मी आधी दाताकडे. नजरेला नजर भिडायला आम्हाला नऊ-दहा दिवस लागले.

हे कशाला लिहिलं?

१८ नोव्हेंबर

कवळी बसली. आजींनी सफरचंद खाल्लं. नुसतं बघत राहावं असं खाल्लं. म्हणाल्या, "पोरी, तुझ्या हातात आहे काहीतरी. तोंडात मात्र मूग भरलेत. तुझी बहीण म्हणायची तश्शीच आहेस."

"काय म्हणायची?"

"आई!" बूटवाले बाहेरून ओरडले. आजींनी सफरचंदाची फोड तोंडात कोंबली आणि हाताने 'काही नाही' केलं.

२० नोव्हेंबर

आता समजलं. इतके दिवस कसं कळलं नाही!

बूट तयार होता, तरी दिला नाही. पुन्हा पुन्हा ट्रायल. फर्मा तासवत नाही. माझ्याशी बोलताना सारखं "बाई असं म्हणायच्या", "बाई तसं म्हणायच्या". आजींना बोलू देत नाहीत. त्यांना ताई आवडायची. बूट दिला असता तर तिचं येणं थांबलं असतं, म्हणून ठेवून घेतला.

आणि ताईलाही ठाऊक असणार. दुपारी कुत्र्याला फिरवायला म्हणून जायची ती उजळ चेहऱ्याने घरी यायची. आम्ही दोघी एका घरात, एका ताटात इतकी वर्षं, आणि तिने मला सांगितलं नाही.

तिला थोडं सुख मिळालं असेल तर मला बरंच वाटायला हवं. वाटतही आहे. मग हे दुसरं काय टोचतंय? त्याला मी नाव देणार नाही. मेलेल्या बहिणीचा हेवा करणारी बाई मला व्हायचं नाही.

२१ नोव्हेंबर

चिमट्याला कोपऱ्यावरूनच परत आणलं. रडला. रडू दे.

२३ नोव्हेंबर

बांधाबांध. ताईचे कपडे एका खोक्यात, माझे एका. माझं खोकं भरलं नाही. त्यातच भांडी घातली.

दादा— "तिथली पलंग-कपाटं आणू नकोस. इथे जागा नाही." म्हणजे मी आणि दोन खोकी. वहिनीने विचारलं, "तुला सकाळी लवकर उठायची सवय आहे ना?" आहे.

२५ नोव्हेंबर

लॅबचा शेवटचा आठवडा. मालक म्हणाले, "जमलं नाही तर परत या, जागा ठेवतो." मी मान हलवली. परत येणारी माणसं वेगळी असतात.

२६ नोव्हेंबर

चिमट्याने ताईचं तोंड फोडलं.

मी कपडे वाळत घालत होते. रेडिओशेजारून त्याने ते कसं काढलं देव जाणे. खुर्चीवर चढला असेल. आवाज आला. येऊन बघते तर फरशीवर तुकडे, आणि हा मधे बसून त्यातलाच एक चाटतोय.

मी किंचाळले. मी! शेजारचं दार उघडलं. तो पलंगाखाली पळाला. मी फरशीवर बसले ती उठलेच नाही. एकेक दात वेचला. सुळा वेगळाच निघाला होता. माझ्या तळहातावर वाटाण्याएवढा.

मग तुकडे फडक्यात बांधले, कुत्र्याला काखेत मारलं आणि तशीच घरातल्या कपड्यांवर दुकानात गेले. पंचवीस वर्षं हे काम करतेय, सांधता आलं असतं मला. पण थांबलेच नाही.

"हा ठेवा. आजच ठेवा. मला डोळ्यासमोर नको." दोरी त्यांच्या बाकावर टाकली. फडकं कधी टेकवलं कळलं नाही, ते तिथेच राहिलं.

"अहो, बसा तरी—"

"तुम्हाला तरी ती पुरती मिळाली! मला एवढंच होतं, तेही गेलं!"

असं बोलले मी. परक्या माणसाला. त्यांना काही कळलं नसावं, तोंड उघडं टाकून उभे होते. मी निघाले तर चिमट्याने स्वेटरची बाही धरली. सोडेचना. बाही ओढून काढली. उसवली.

२७ नोव्हेंबर

पलंगाखाली जुना बूट आहे. तो न्यायचा राहिला.

घरात माझ्याच चालण्याचा आवाज येतो.

२८ नोव्हेंबर

जुना बूट द्यायला गेले. त्याला झोप येणार नाही त्याशिवाय, म्हणून. दुसरं काही नाही.

मला बघून चिमटा इतका घोटाळायला लागला की उभं राहवेना. माझ्याभोवती! बूट टाकला त्याच्यापुढे, त्याने हुंगला आणि पुन्हा माझ्याकडेच.

बूटवाल्यांचे डोळे लाल होते. डिंकाने असेल. म्हणाले, "रागावणार नसाल तर एक दाखवतो." मांडणीवरून दोन्ही हातांनी काहीतरी आणून ठेवलं.

ताईचं तोंड. सगळं सांधलेलं. बुटाच्या डिंकाने, तपकिरी रेघा दिसत होत्या. पण सगळं जागच्या जागी. फक्त सुळा— सुळा सरळ बसवला होता! अगदी ओळीत, शिस्तीत. माझ्या हातून होतो तसा.

"हा असा नव्हता," मी म्हटलं.

"तो जरा वाकडा बसत होता. म्हणून घासून नीट केला. नाही करायला हवा होता का?"

"अहो, तिचा सुळा वाकडाच होता! बाहेर आलेला! हसली की आधी तोच दिसायचा. इतकी वर्षं यायची, तुम्हाला दिसला नाही कधी?"

ते ओशाळले. कानापर्यंत. "खरं सांगू? मी त्यांच्या दातांकडे कधी बघितलंच नाही. त्या आल्या की मी पायाशी बसायचो. बोलायच्या त्या, मी ऐकायचो. बोलायच्या ते सगळं—" आणि थांबले.

मी त्या सरळ सुळ्याकडे बघत राहिले. ज्याला ताई आवडते त्याला ताईचा सुळा माहीत नाही, असं होऊच शकत नाही.

"बोलायच्या ते सगळं कुणाबद्दल, ते सांग की मेल्या!" आजी दाराला धरून उभ्या होत्या. कवळी घालून. शब्द कसे खणखणीत. "का मी सांगू? थांब, मीच सांगते. पोरी, तुझी बहीण इथे बसून तुझ्याबद्दल बोलायची. धाकटी अशी, धाकटी तशी. धाकटीला माणसात आणायचीय. हा ऐकून ऐकून अर्धा झाला. न बघताच! उन्हाळ्यातच बूट झाला तर म्हणाली, देऊ नका. काही झालं तरी देऊ नका. मी घरी रोज तुमच्या नावाने खडे फोडते, एक दिवस धाकटी भांडायला येईल. तिच्या हातात द्या."

"आई, पुरे."

"पुरे काय? ती वाट बघत बघत गेली. ही आली तर तू मुका! आणि परवा ही गाडीत बसून जाणार."

बूटवाले आत गेले. काहीतरी पडल्याचा आवाज आला. आजी म्हणाल्या, "डिंक शोधतोय. समोरच आहे."

फडक्यात तोंड घेतलं, चिमट्याला घेतलं, आले. दोरी तिथेच राहिली. तो आपला आपण माझ्या टाचेला चिकटून चालत आला.

२९ नोव्हेंबर

उन्हाळाभर झिजलेल्या बुटात लंगडत होती. दुखत असणार. मी तेल चोळायचे तेव्हा "जरा जोरात गं" म्हणायची आणि त्या ढिल्या माणसाला शिव्या घालायची. मी जावं म्हणून. आणि मी म्हणायचे, जाऊ दे ताई, देईल कधीतरी.

हे कुणाला सांगू? जिला सांगायचं ती नाही. आज पहिल्यांदा पोटभर रडले. चिमटा मांडीवर होता, हलला नाही.

दादाचा फोन— उद्या दहाला गाडी. खोकी दाराशी लावून ठेवली आहेत. वहिनीने निरोप दिलाय, येताना हातमोजे आण, इथलं पाणी फार गार असतं.

सुळा पुन्हा काढून वाकडा बसवला.

३० नोव्हेंबर

गाडी रिकामी परत गेली. दादा चिडलाय.

बूटवाल्यांनी माझ्या पायांचं माप घेतलं. कागदावर पाय ठेवून पेन्सिल फिरवायची असते. चिमटा मधे येऊन बसला, म्हणून दोनदा घ्यावं लागलं. म्हणाले, सावकाश होतील. ट्रायलला बरेचदा यावं लागेल.

म्हटलं, घाई नाही.